खिडकी नंबर तीन

लढाई सुरू झाली तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.
पोलंड शोधायला मला
धाकट्या भावाचा शाळेचा नकाशा लागला,
तोही फाटका, आणि नेमका तिथेच शाईचा डाग.
पुढच्या सोमवारी बॅलार्ड पिअरच्या कचेरीत
खिडकी नंबर तीन माझ्या वाट्याला आली.
काम सोपं होतं: खलाशी समुद्रावर,
त्याचा निम्मा पगार घरच्या माणसाला मोजायचा,
डावा अंगठा उमटवून घ्यायचा,
आणि बोट कुठे आहे ते सांगायचं नाही.
भिंतीवर तशी पाटीच होती.

हाजरा दाऊद पारकर, गाव बाणकोट,
सध्या मुक्काम डोंगरी, बहिणीकडे.
नवरा तेलवाला, इंजिनाच्या पोटात.
महिन्याला अठरा रुपये.
तिच्या अंगठ्यावर कोयतीचा जुना वार होता,
ठशाच्या मधून एक पांढरी रेघ जायची.
वही उलटी धरली तरी मी तो ठसा ओळखला असता.
नोटा गाठीला बांधता बांधता विचारायची,
"कागद आला काय, बाबू?"
मी म्हणायचो, "येईल. बोट लांब आहे."

त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत बंद लखोट्यातून यादी आली.
बोटीला नाव नव्हतं, नंबर होता.
नंबराखाली एकोणसाठ माणसं. त्यांत तो.
वर शिक्का: पुढील हुकमापर्यंत वाच्यता करू नये.
साहेबाने यादी कपाटात ठेवली
आणि किल्ली माझ्याकडे दिली.

त्या रात्री गिरगावात भोंगा वाजला, सरावाचाच.
खिडकीचा काळा कागद एका कोपऱ्यात सुटला होता,
तो मी हाताने दाबून धरला.
सरकारी दुकानातल्या ज्वारीची भाकरी,
थापतानाच तुटणारी.
"गप्प का?" बायको म्हणाली.
म्हटलं, "भाकरी कडू आहे."
खोटं बोलण्याचा सराव तसा बरा चालला होता.

मार्च. अठरा रुपये. ठसा.
एप्रिल. ठसा. "कागद?" "येईल."
मे महिन्यात तिने विचारलंच नाही.
मला सुटल्यासारखं झालं.
सांगायला लाज वाटते, पण झालं.

जूनमध्ये हुकूम आला.
तीन वाक्यं घोकून मी खिडकीत बसलो होतो.
पहिलंच अडलं.
पाढा अडलेल्या पोराकडे बघावं
तशी ती गजांतून बघत राहिली.
मग म्हणाली, "माहीत हाय, बाबू.
मार्चातच कळला. त्यांच्या बोटीवरचा एक आगवाला
कराचीला उतरला, तो डोंगरीला येऊन सांगून गेला.
मी बोलले असते तर पैसं बंद झालं असतं.
म्हणून विचारीत होते, कागद आला काय.
मे महिन्यात विसरले.
रातभर डोळा नाय लागला,
बाबूला संशय आला असंल म्हणून."

मी वही पुढे सरकवली.
तिने अंगठा टेकवला, जरा जास्तच जोरात.
रेघ शाईने बुजली.

पुढच्या वर्षी एप्रिलात गोदीत दारूगोळा फुटला.
जळता कापूस आमच्या छपरावर येऊन पडला,
कचेरीला एक काच उरली नाही.
वह्या मात्र वाचल्या.
माणसं वाचली नाहीत इतक्या वह्या वाचल्या.

सगळं संपल्यावर पितळी पाटी लागली.
तिच्यावर इंग्रजीत कोरलंय: डी. पार्कर.
वाचणाऱ्याला वाटावं, कुणी लिव्हरपूलचा गोरा.
दुरुस्तीसाठी मी दोन अर्ज केले.
एकाचं उत्तर आलं, त्यात पाटी पुसण्याच्या
खर्चाचा तपशील होता.
बाणकोटला पत्र टाकलं, ते परत आलं.
पुढे बाणकोटची लाँच लागली की
मी धक्क्यावर जाऊन उभा राहायचो,
काय बघायला, ते मलाही सांगता आलं नसतं.

आता पेन्शन घ्यायला बँकेत जातो.
काउंटरवर शाईची ती चपटी डबी असते.
मला लिहिता येतं. मी सही करतो:
मो. ना. विजयकर, वळणदार.
आणि जिन्यात आल्यावर
डावा अंगठा धोतराला पुसतो.